टिकावाचे तेरा

कुरुंदेवाडीच्या हायस्कुलात एकतीस वर्षं विज्ञान शिकवणाऱ्या वैशाली होडगे मॅडमना दोन गोष्टींचा अभिमान होता. एक म्हणजे त्यांच्या विषयात आजवर कुणी नापास झालं नव्हतं. दुसरी म्हणजे त्यांची वही. सगळ्या धड्यांची प्रश्नोत्तरं त्या वहीत होती आणि आख्ख्या आजरा तालुक्यात तिला 'होडगे वही' म्हणत. तिच्यातलं जसंच्या तसं उतरवलं की पोरगं तरून जातं, अशी तिची ख्याती होती.

आता खरं सांगायचं, तर तरून जाण्यात वहीइतकाच वाटा अंतर्गत गुणांचा होता. दहावीला विज्ञानाचे ऐंशी गुण लेखी आणि वीस शाळेच्या हातात. तोंडी परीक्षा, प्रयोगवही, गृहपाठ असं काय काय पाहून ते वीस द्यायचे असतात, असं कागदावर लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात हुशाराला वीस, मध्यमाला वीस आणि वर्षभर मागच्या बाकावर डुलक्या काढणाऱ्याला एकोणीस, कारण सगळ्यांनाच वीस दिले तर बोर्डाला संशय येतो. पस्तीसला पास. वीस आधीच पदरात पडले की ऐंशीतून पंधरा मिळवायचे, एवढंच उरायचं. ही लबाडी आहे असं मॅडमना कधी वाटलं नाही. आपल्या डोंगरातल्या पोरांना कोण देणार, आपणच द्यायचं, असं त्या म्हणायच्या आणि त्यांना तसंच मनापासून वाटायचं.

दोन हजार एक्केचाळीसच्या जुलैत शाळेच्या पटांगणात एक पांढरी गाडी येऊन उभी राहिली आणि या सगळ्या कारभाराला नजर लागली.

गाडीतून उतरली ती फरीदा मुल्ला. नऊ वर्षांपूर्वी याच शाळेतून विज्ञानात अठ्ठ्याण्णव गुण घेऊन गेलेली, आता जिल्ह्याच्या मूल्यांकन केंद्रात नोकरीला. तिनं मॅडमच्या पाया पडून घेतलं आणि मग दोघा माणसांकरवी एक खुर्ची, एक पडदा आणि कपाळाला बांधायचा रबरी पट्टा खाली उतरवला.

"दीर्घस्मृती मूल्यांकन यंत्र," फरीदा म्हणाली. "पण सगळे टिकावच म्हणतात."

"करतं काय हे?"

"पाच वर्षांनी काय उरेल ते सांगतं, मॅडम."

मुख्याध्यापक चौगुले सर चष्मा पुसत जवळ आले. त्यांना कुठल्याही नव्या वस्तूची आधी भीती वाटायची आणि मग परिपत्रकाची.

फरीदानं समजावून सांगितलं, आणि तिनं सांगितलं ते मॅडमना पटेल असंच होतं. माणूस एखादी गोष्ट शिकतो तेव्हा ती मेंदूत आधी एका तात्पुरत्या जागी बसते. मग झोपेत, पुढच्या दिवसांत, आठवड्यांत मेंदू ती तिथून काढून दुसऱ्या आठवणींमध्ये विणत जातो. ज्या गोष्टीला इतर गोष्टींचे धागे मिळतात ती राहते. जिला एकही धागा मिळत नाही, ती परीक्षेनंतर महिन्या-दोन महिन्यांत गळून पडते. टिकाव वीस मिनिटांत चाळीस प्रश्न विचारतं. त्यातले निम्मे विषयाशी संबंध नसल्यासारखे वाटतात. उत्तर बरोबर की चूक, याला त्यात फार किंमत नसते. उत्तर येताना त्याच्याबरोबर आणखी काय काय हलतं, ते पट्टा टिपतो. पाठ केलेलं उत्तर एकटंच येतं, ठरलेल्या चालीत, मागंपुढं काही न हलवता.

"चाळीस हजार मुलांच्या मागं सात वर्षं फिरून हे जुळवलंय," फरीदा म्हणाली. "वीसपैकी एखाद-दुसऱ्या गुणाचा फरक पडतो, जास्त नाही. पुढच्या वर्षीपासून अंतर्गत वीस म्हणजे हेच वीस. यंदा सवलत आहे. प्रत्येक मुलासाठी शिक्षकांनी ठरवायचं, टिकावाचे गुण लावायचे की जुन्या पद्धतीनं हातानं द्यायचे. हातानं दिले तर गुणपत्रिकेवर त्या आकड्याशेजारी एक चांदणी छापून येईल."

दोन दिवस चाचणी चालली. दहावीची एकतीस पोरं एकेक करून खुर्चीत बसली. गेल्या वर्षीचे धडे, नववीची वार्षिक परीक्षा, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. निकाल फरीदानं मॅडमना एकटीला बोलावून दाखवला.

वर्गाची सरासरी वीसपैकी सहा होती.

"यंत्र बिघडलंय," मॅडम म्हणाल्या.

फरीदानं मान खाली घातली. तिच्या गप्प बसण्यानं मॅडमना जे झोंबलं, ते सहाच्या आकड्यानंही झोंबलं नव्हतं. त्या दिवशी त्या घरी गेल्या आणि कारण नसताना नवऱ्यावर डाफरल्या. तो बिचारा फक्त चहा हवाय का विचारत होता.

ऑगस्टअखेर विजेचा धडा आला. बाहेर गणपतीची तयारी चालली होती आणि पोरांचं अर्धं लक्ष खिडकीबाहेर होतं. मॅडम नेहमीप्रमाणे वहीतून सांगत होत्या आणि पोरं खाली मान घालून उतरवत होती. "घरगुती विद्युत मंडलात फ्यूज हा न्यूट्रल तारेत जोडतात. मर्यादेपेक्षा जास्त धारा वाहू लागल्यास..."

"मॅडम," मधल्या रांगेतून आवाज आला. "असं जोडलं तर माणूस मरंल."

ईश्वरी बुगडे उभी होती. तिच्या वडिलांचा मांडव आणि लायटिंगचा धंदा होता आणि सुट्टीत ही पोरगी त्यांच्याबरोबर शिडीवर चढायची. अभ्यासात मात्र यथातथाच. लेखी पेपरात तिची वाक्यं अर्ध्यातच थांबायची. जुलैत टिकावानं तिला पाच दिले होते.

"काय म्हणालीस?"

"फ्यूज फेजमधी लावत्यात, मॅडम. न्यूट्रलला लावला तर फ्यूज उडल्यावर दिवा जाईल, पण तार जित्तीच ऱ्हाईल. आपण म्हणणार दिवा गेला, आणि हात घालणार. आमच्या बापूंनी मला पहिल्याच दिवशी शिकवलंय."

वर्गात कुजबुज झाली. पहिल्या बाकावरची राजनंदिनी म्हणाली, "वहीत न्यूट्रलच आहे. आमच्या ताईच्या वहीतपण न्यूट्रलच होतं." तोवर मागून कुणीतरी म्हणालं, "ईश्वरी मांडव बांधती, तुझी ताई न्हाई." आणि जी जुंपली, ती तास संपल्याची घंटा झाली तरी थांबेना. फ्यूज फेजमध्ये बसतो हे मॅडमना त्यांच्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं. वही मात्र भलतंच सांगत होती आणि त्या वाचत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रयोगशाळेत एका लाकडी फळीवर मंडल जोडलं. एक दिवा आणि चिनी मातीचा एक फ्यूज, वहीत होता तसा न्यूट्रलवर. मुख्य बटणाजवळ त्या स्वतः उभ्या राहिल्या, पायाखाली रबरी चटई घेऊन. फ्यूज काढला आणि दिवा विझला. मग ईश्वरीनं टेस्टर होल्डरला टेकवला आणि त्याच्या टोकातला छोटा दिवा लालभडक पेटला. पोरांनी एकदम श्वास घेतला. फ्यूज फेजवर घेऊन पुन्हा तेच केलं, तेव्हा टेस्टर गप्प राहिला. त्यानंतर चार दिवस पोरं गावातले फ्यूज तपासत हिंडत होती. देवळाच्या मीटरपेटीत एक उलटा सापडला आणि पुजाऱ्याला बरंच ऐकून घ्यावं लागलं.

मॅडमनी जुनी कागदपत्रं काढली. अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या भाच्यानं हस्तलिखित वही संगणकावर उतरवली होती. त्यानंच एक ओळ चुकवली होती. तेव्हापासून दर वर्षी तीच ओळ, तीच चूक. वही पुढच्या वर्गाकडून मागच्या वर्गाकडे आणि शेजारच्या गावांतही गेली. अकरा वर्षं पोरांनी ती लिहिली, मॅडमनी ती सांगितली आणि एकालाही काही खटकलं नाही.

त्यांनी फरीदाला फोन लावला. "खरं सांग. मी तुम्हाला फ्यूज कुठल्या तारेत शिकवला होता?"

"आठवत नाही, मॅडम. का हो?"

"मी चुकीचं शिकवलं होतं गं. सगळ्यांना."

"मग बरंच झालं की," फरीदा हसून म्हणाली आणि लगेच तिनं जीभ चावली.

मॅडम फोन ठेवून तशाच बसून राहिल्या. अकरा वर्षं त्यांनी जिवावर बेतेल असं शिकवलं आणि कुणाच्या केसाला धक्का लागला नाही. का? तर कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. त्यांना आधी हसू आलं. मग त्या हसण्याचं रडं कधी झालं ते त्यांनाही कळलं नाही, आणि या वेळी नवऱ्यानं न विचारता चहा आणून ठेवला.

सप्टेंबरात पांढरी गाडी पुन्हा आली. या खेपेला टिकावानं धड्यागणिक आकडे काढले होते. प्रकाश, पाच. धातू, सहा. पेशी, सात. वीज, सतरा. ईश्वरीच्या नावापुढं त्या धड्याला वीसपैकी वीस होते आणि फरीदा म्हणाली की तिनं आजवर कुठल्याच शाळेत वीस पाहिलेले नाहीत.

मॅडमनी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन सांगितलं, "आजपासून प्रत्येक तासाला मी एक चूक करणार. तुम्ही ती पकडायची. पुस्तकात दाखवलंत तर अर्धी पकडली. करून दाखवलंत तर पुरी."

पोरांना आधी खरंच वाटेना. मग त्यांना चटक लागली. मॅडम म्हणाल्या, भिंग अर्धं झाकलं की चित्र अर्धंच दिसतं. पोरांनी काळा कागद चिकटवून, समोरच्या झाडाची प्रतिमा भिंतीवर पाडून दाखवलं की झाड आख्खंच दिसतं, नुसतं अंधुक. मॅडम म्हणाल्या, लोखंडाला गंजायला नुसतं पाणी पुरतं. आठवडाभर खिडकीत तीन बरण्या राहिल्या आणि उकळून तेलाचा थर दिलेल्या पाण्यातला खिळा चकचकीत निघाला. एके दिवशी राजनंदिनीनं चूक पकडली आणि ती मॅडमनी केलेली नव्हतीच, म्हणजे केली होती, पण ठरवून नाही. वर्ग टाळ्या वाजवत उठला. मॅडमही उठल्या. एकतीस वर्षांत इतकं मोकळं मोकळं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

गावात मात्र निराळीच चर्चा. दोन पालक चौगुले सरांकडे आले. "सर, मॅडमचं डोकं ठिकाणावर हाय न्हवं? पोरगं घरी येऊन सांगतंय, मॅडमनी आज पण चुकीचं शिकवलं. आणि वर खुशीत हाय!"

चौगुले सरांनी मॅडमना बोलावलं. "मॅडम, दोन वर्षं राहिलीत निवृत्तीला. कशाला नसत्या भानगडीत पडताय? गुण कशासाठी असतात? ॲडमिशनसाठी. वीस द्यायचे आणि मोकळं व्हायचं."

"सर, तुम्हाला दहावीतलं विज्ञान किती आठवतं?"

सरांनी प्रामाणिकपणे विचार केला. "दहीवडा करताना दह्यात आम्ल असतं हे आठवतं," ते म्हणाले. पण एवढं बोलून त्यांनी तो विषय सोडून दिला, आणि पालकांना काय सांगितलं कोण जाणे, ते पुन्हा आले नाहीत.

जानेवारीत अखेरची मोजणी झाली. वर्गाची सरासरी पंधरा. तीस पोरांचं चित्र स्वच्छ होतं. त्यांचे लेखी गुण चांगले होते आणि वीसचे पंधरा-सोळा झाल्यानं त्यांचं काही बिघडणार नव्हतं. उलट काही तंत्रनिकेतनं आता टिकावाचा आकडा वेगळा मागू लागली होती.

अडचण होती ती एकतिसावीची. ईश्वरीला सगळे धडे मिळून टिकावाचे तेरा पडले होते. पाचावरून तेरा म्हणजे वर्गातली सगळ्यात मोठी उडी. पण सराव परीक्षेत लेखीला ऐंशीपैकी एकोणीस. एकोणीस आणि तेरा बत्तीस. नापास. हातानं वीस दिले तर एकोणचाळीस, बिनघोर पास.

मॅडमनी दोन दिवस घोळवलं, म्हणजे घोळवल्यासारखं केलं. त्यांचं आधीच ठरलं होतं. ज्या पोरीनं आपले डोळे उघडले ती आपल्याच विषयात गटांगळ्या खाणार, हे त्यांना बघवणार नव्हतं. तीस फॉर्मांवर त्यांनी टिकावाच्या चौकटीत खूण केली आणि एकतिसाव्यावर हातानं वीस लिहिले. फॉर्मावर विद्यार्थ्याचीही सही लागायची. मधल्या सुट्टीत त्यांनी सगळ्यांच्या घेतल्या आणि ईश्वरीला शेवटी बोलावलं, वर्ग रिकामा झाल्यावर.

ईश्वरीनं पेन घेतलं आणि फॉर्म वाचला. तिला कुठलाही कागद वाचायला वेळ लागायचा. मॅडम खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"मला हातानं का, मॅडम?"

"अगं, असतं तसं. तू सही कर."

"बाकीच्यांना टिकाव हाय."

"त्यांचं लेखी बरं आहे. तुझं..." मॅडमना ते वाक्य पुरं करवेना. "तेरा धरले तर तू बत्तिसावर थांबतेस, ईश्वरी. मी हिशेब केलाय. एवढे सात गुण मी दिले तर कुणाचं काही जात नाही. आजवर सगळ्यांना दिलेत."

ईश्वरीनं पेन खाली ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. शिडीवर चढण्याआधी शिडी हलते का ते बघतात तशी ती फॉर्मकडे बघत होती.

"ह्ये वीस तुमचं हायत, मॅडम. तेरा माझं हायत."

"नापास झालीस तर काय करशील? बापूंना काय सांगशील?"

"जुलैला परत बशीन की. लेखी परत लिवीन." ती हसली. "तेरा कुठं जात्यात? यंत्रच म्हणतंय न्हवं, पाच वर्सं ऱ्हात्यात म्हणून?"

इतकी वर्षं आपण पोरांना आधार देतोय असं मॅडम समजत होत्या. या पोरीनं तो आधार अदबीनं परत केला होता, आणि तसं करताना तिचा पाय जमिनीवर पक्का होता. मॅडमना वाईट वाटायला हवं होतं. त्यांना आनंद झाला, आणि तो इतका झाला की त्यांनी तोंड फिरवलं. मग त्यांनी तो फॉर्म फाडला, दुसरा काढला, तेरा लिहिले आणि ईश्वरीची सही घेतली.

"आता बस इथं," त्या म्हणाल्या. "ऐंशीपैकी बावीस हवेत. सव्वा महिना आहे. तुला येतं सगळं, फक्त वाक्य पुरं करता येत नाही. ते कसं करायचं, ते आजपासून शिकू."

ते दोघींनाही जड गेलं. ईश्वरी तोंडानं घडाघडा सांगायची आणि कागदावर आली की थबकायची. मॅडम म्हणायच्या, "बापूंना फोनवर सांगतेस तसं लिही." मग ती लिहायची, "फ्यूज उडाला तर आधी मेन बंद करावे, मग कारण शोधावे, मग तार बदलावी." मॅडम म्हणायच्या, "हे उत्तर आहे, आता यात एक 'कारण' घाल." असा एकेक प्रश्न गेला. परीक्षेच्या दिवशी मॅडमच फाटकापाशी येरझारा घालत होत्या, ईश्वरी शेंगदाण्याचा लाडू खात निवांत उभी होती.

निकाल मे महिन्यात दुपारी एक वाजता लागला. शाळेत राजनंदिनीला पंच्याण्णव टक्के पडले म्हणून गलका चालला होता आणि चौगुले सर पेढ्यांचा पुडा उघडत होते. मॅडमनी राजनंदिनीच्या पाठीवर हात ठेवला, एक पेढा घेतला, आणि बाकीच्यांना "आलेच" म्हणून त्या चपला घालून बाहेर पडल्या.

मारुतीच्या देवळामागं एका लग्नाचा मांडव चालला होता. बापू बुगडे खाली वायरचं भेंडोळं सोडत होते आणि ईश्वरी शिडीच्या वरच्या पायरीवर माळ बांधत होती. मॅडमना धावत येताना बघून बापूंच्या हातातलं भेंडोळं थांबलं.

"पास!" मॅडम खालूनच ओरडल्या. त्यांना दम लागला होता.

"किती?" ईश्वरीनं वरून विचारलं.

"सदतीस."

ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली. "त्यातलं तेरा तर माझंच. आणि चोवीस?"

"तेही तुझेच," मॅडम म्हणाल्या. आणि एकतीस वर्षांत ज्या गोष्टीची त्यांना लाज वाटली असती ती त्यांनी मांडवातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितली. "सगळे तुझे गं. माझा त्यात एकपण नाही!"